कुठले पाटील?

२०२५ च्या सुरुवातीला बीडच्या पोलीस अधीक्षकांनी आपल्या खात्यात एक नवी पद्धत सुरू केली. टेबलावरच्या पाटीवर यापुढे फक्त पहिलं नाव, आडनाव नाही. एकमेकांना हाक मारायची तीही पहिल्या नावानंच. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या खुनानंतरचे ते दिवस. डिसेंबर २०२४ पासून जिल्ह्यात मराठा आणि वंजारी हा ताण इतका चिघळला होता, की समोरचा अधिकारी काय बोलतो यापेक्षा त्याचं आडनाव काय याचीच चर्चा जास्त. अशा वेळी पाटीवरून आडनाव काढावंसं वाटणं साहजिक आहे. वर्तमानपत्रांतून या निर्णयाचं कौतुक झालं आणि हेतूबद्दल मलाही शंका नाही.

उपाय मात्र पटत नाही. आडनावावरून माणूस कळतो असं धरून लोक एकमेकांकडे संशयानं बघत होते. आडनाव झाकून प्रशासनानंही तेच मान्य केलं. पाटी काढा म्हणजे माणूस कळायचा थांबेल, असा त्यामागचा तर्क. तो पायाच कच्चा आहे.

पुण्यात भाड्यानं घर शोधलेल्या कुणालाही विचारा. फोनवर नाव सांगितलं की पलीकडून येतं, "आडनाव काय म्हणालात?" समजा, पाटील म्हणालात. तेवढ्यानं भागत नाही. "कुठले पाटील?" जळगाव सांगितलं तर एक हिशेब, सांगली सांगितलं तर दुसरा, उरण-पनवेल सांगितलं तर तिसरा. तरीही गणित सुटेना, तर "पाहुणे कुठले तुमचे?" आणि अगदीच अडलं, तर आवाज मऊ करून, "घरात नॉनव्हेज होतं का हो? आमचं काही नाही, सोसायटीचं आपलं असतं थोडं." आडनावावरून जात ओळखता येते अशी ज्याची खात्री, तोच माणूस वर आणखी प्रश्न विचारत बसतो. आडनाव पुरत नाही हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नसतं.

आणि त्याचं अडतं तेही रास्तच आहे. १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढणारे कर्मवीर भाऊराव पाटील जैन. वसंतदादा पाटील मराठा. नवी मुंबईसाठी जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांचा लढा उभा करणारे दि. बा. पाटील आगरी. देशाचे गृहमंत्री झालेले शिवराज पाटील लिंगायत, आणि पाटलांच्या गर्दीत वेगळं कळावं म्हणून की काय, पुढे चाकूरकर लावणारे. खानदेशात लेवा पाटील आहेत, कोल्हापूर-सांगलीकडे मुसलमान पाटील आहेत. या सगळ्यांची भाषेची ढब वेगळी, देव वेगळे, लग्नाच्या चालीरीती वेगळ्या, ताटातलं वेगळं. सारखं काय, तर कधीकाळी या घराण्यांपैकी कुणाकडे तरी गावचा सारा गोळा करण्याचं काम होतं. बस.

देशमुखांचंही तेच. शतपत्रं लिहिणारे लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख चित्पावन. त्यांचं मूळ आडनाव सिधये, देशमुखी मिळाली म्हणून देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख चांद्रसेनीय कायस्थ प्रभू. विलासराव देशमुख मराठा. मराठवाड्यात आणि विदर्भात मुसलमान देशमुख भेटतात. परगण्याचा हुद्दा ज्या घरात वतन म्हणून राहिला त्या घराला नाव चिकटलं, मग घर कुणाचंही असो. पुढे वतनं गेली. १९५० च्या कायद्यानं परगण्याची आणि कुलकर्ण्यांची वतनं संपली, १९६२ च्या कायद्यानं महसुली पाटीलकी संपली. सारा गेला, दप्तर गेलं, चावडीवरचा मान गेला, आडनाव तेवढं राहिलं. ज्या कामाचं ते नाव, ते काम आता तलाठी करतो आणि तलाठ्याचं आडनाव शेख असू शकतं, गावित असू शकतं, कांबळे असू शकतं.

चिटणीस, फडणीस, सबनीस, पारसनीस या मंडळींचं दप्तर तर थेट फारसीतून आलेलं. पातशाही कारभारात लिहिणाऱ्याला नवीस म्हणत, त्याचं मराठीत नीस झालं. मराठीतून फारसी शब्द हाकला म्हणणाऱ्या मंडळाच्या निमंत्रणपत्रिकेवरही खाली सही करणारा चिटणीसच असतो. असो.

‘कर’ची आडनावं पाहिली की हा सगळा प्रकार जास्त स्पष्ट होतो. गावात राहणाऱ्याला गावाचं नाव कुणी लावत नाही. रोह्यात सगळेच रोह्याचे. रोहेकर होतो तो रोहा सोडल्यावर, पनवेलला किंवा मुंबईत, जिथे चार अनोळखी लोकांत त्याला वेगळं ओळखावं लागतं. म्हणजे हे आडनाव माणसानं स्वतःला दिलेलं कमी आणि शेजाऱ्यांनी, सावकारानं, शाळामास्तरानं, कचेरीतल्या कारकुनानं दिलेलं जास्त. एकाच गावातून ब्राह्मण निघाला, भंडारी निघाला, मुसलमान निघाला, महार निघाला, तर चौघांनाही तेच नाव पडू शकतं. पडलंही आहे.

कोकणातले बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, हे याचं सगळ्यात बोलकं उदाहरण. अष्टागरातल्या गावांतून तेलाचे घाणे चालवणारी ही माणसं शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांची आडनावं पेणकर, रोहेकर, चेऊलकर, दिवेकर, किहीमकर. पहिली नावं बायबलातली, पण कोकणात रुळून गुळगुळीत झालेली: सॅम्युएलचा सामाजी, अब्राहमचा आबाजी, एझकीएलचा हसाजी. या समाजाचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल किहीमकर यांच्या नावातच अलिबागजवळचं किहीम आहे. १९४८ नंतर यातली बहुसंख्य कुटुंबं इस्रायलला गेली आणि तिथे ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही चालवू लागली. तिथल्या कुणा दिवेकरांना आडनावावरून ओळखायला निघालेला आपला पुण्यातला घरमालक काय करील, याची कल्पना करून पाहावी.

क्रिकेट बघणाऱ्या जुन्या लोकांना पारकर आठवत असतील. एक रामनाथ पारकर, १९७२ च्या डिसेंबरात दिल्लीत इंग्लंडविरुद्ध गावसकरबरोबर सलामीला गेला. दुसरा गुलाम पारकर, चिपळूणजवळच्या कालुस्त्याचा, १९८२ साली लॉर्ड्सवर इंग्लंडविरुद्धच पहिल्या डावात गावसकरबरोबर सलामीला गेला. दोघेही मुंबईचे, दोघांचंही क्षेत्ररक्षण चपळ, दोघांच्याही वाट्याला कसोटी सामने अगदी थोडे. एक हिंदू, एक मुसलमान. लॉर्ड्सच्या त्या डावात पहिले तीन फलंदाज गावसकर, पारकर, वेंगसरकर असे होते. रेडिओवर ऐकणाऱ्याला आडनावांवरून एवढंच कळलं असतं, की भारताची वरची फळी मराठी मुलखातली आहे. तेवढं मात्र खरं होतं. आडनाव सांगतं ते बहुधा एवढंच असतं, आणि तेवढं ऐकून थांबायला हवं.

याच्या उलट टोकाला वसई आणि गोवा. १५३४ ते १७३९ वसई पोर्तुगीजांकडे होती, गोवा तर १५१० पासून १९६१ पर्यंत. तिथे बाप्तिस्मा झाला की नावाबरोबर आडनावही बदले. बहुतेकदा धर्मपित्याचं किंवा धर्मगुरूचं आडनाव त्या कुटुंबाला मिळे. असे कामत आणि प्रभू फर्नांडिस, डिसोझा, रॉड्रिग्ज झाले. वसईत अशी पोर्तुगीज नावं मराठी जिभेवर बसता बसता डाबरे, तुस्कानो, घोन्साल्विस अशी झाली. आता नगर जिल्ह्याकडे या. एकोणिसाव्या शतकात तिथे अमेरिकन मिशनच्या आसपास जे ख्रिस्ती झाले ते गायकवाड, साळवे, शिंदेच राहिले. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि टिळकच राहिले. धर्म तोच, फरक राज्यकर्त्यांचा. पोर्तुगीज राजवटीला प्रजेचं नावही आपलं हवं होतं. अमेरिकन मिशनऱ्यांच्या हाती राज्य नव्हतं आणि त्यांना आडनावाशी कर्तव्यही नव्हतं. म्हणून डिसोझा आडनावाचा माणूस हा शिंदे आडनावाच्या ख्रिस्ती माणसापेक्षा अधिक ‘परका’ असं कुणाला वाटत असेल, तर तो पाचशे वर्षांपूर्वीच्या एका नोंदवहीला माणूस समजतो आहे.

हे वाटणं केवळ अडाण्यांचं नाही. सुबोध बायबल मराठीत आणणारे, आयुष्यभर मराठीत लिहिणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या ९३ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष निवडले गेले, तेव्हा विरोधाची पत्रं आणि फोन आलेच. त्यांनी काय लिहिलं आहे ते वाचायला कुणाला वेळ नव्हता. नाव आणि झगा पुरेसा होता.

गोव्यात याचा आणखी एक पदर आहे. तिथे नाव-आडनाव बदलण्यासाठी १९९० चा स्वतंत्र कायदा आहे आणि २०१९ साली तो आणखी कडक केला गेला. बाहेरून आलेले लोक गोंयकारांची आडनावं लावून गोंयकार म्हणून मिरवतात, ही त्यामागची तक्रार. जमिनीबद्दलची ती भीती खोटी नाही, मी तिची टर उडवणार नाही. पण ज्या आडनावांच्या रक्षणासाठी कायदा उभा आहे त्यातलं फर्नांडिस म्हणजे फर्नांडोचा वंशज आणि रॉड्रिग्ज म्हणजे रॉड्रिगोचा. दोन्ही नावं पोर्तुगालच्याही आधी जर्मानिक टोळ्यांबरोबर त्या द्वीपकल्पात आलेली. ती आज अस्सल गोंयची आहेत, आणि ते बरोबरच आहे. साडेचारशे वर्षं ज्यांनी ती अंगाखांद्यावर वागवली, ज्यांच्या घरी मांडो गायला गेला आणि सोरपातेल शिजलं, त्यांनी ती आपली केली. नावाचं मूळ लिस्बनकडे आणि नाव लावणाऱ्याची मुळं साष्टीत, यात विसंगती नाही. नावं अशीच वागतात.

उलटही होतं, माणूस नावाला नवा अर्थ देतो. मंडणगड तालुक्यात आंबडवे हे छोटं गाव. तिथल्या सकपाळ घराण्यातल्या मुलाचं आडनाव गावावरून पडलं, आणि ते आंबेडकर असं स्थिरावलं. हे आडनाव कानावर आलं की आज किती जणांना ते गाव आठवतं?

आता मुख्य आक्षेपाकडे येतो, कारण तो खोटा नाही. कुणी म्हणेल, हे सगळं विद्वत्तेचं झालं. ज्याला आडनावामुळे खोली नाकारली गेली, ज्याचं आडनाव ऐकून मुलाखतीत समोरच्याचा चेहरा बदलला, त्याला नवीस आणि परगणे सांगून काय उपयोग? कांबळे, वाघमारे, सोनवणे, रणदिवे म्हटलं की लोक आपापला तर्क करतात. तो कैकदा चुकतो, पण करायचं थांबत नाहीत. चुकीच्या तर्कानंही माणूस दाराबाहेरच राहतो. हे मला मान्य आहे. माझं म्हणणं एवढंच, की तर्क करणाऱ्याचं आडनावावाचून काही अडत नाही. फासेपारध्यांमध्ये भोसले आहेत, पवार आहेत, चव्हाण आहेत, काळे आहेत. आडनावालाच खरंच एवढं वजन असतं, तर भोसले म्हटल्यावर पारध्याच्या पोराला चौकीत खुर्ची मिळाली असती. मिळत नाही. १८७१ पासूनच्या कायद्यांनी ज्यांना गुन्हेगार जमात ठरवलं आणि १९५२ साली ज्यांच्यावरचा तो शिक्का कागदावरून पुसला, त्यांना ओळखायला चौकीत कुणाला पाटी वाचावी लागत नाही. पालाची जागा पुरते, बोली पुरते, कपडे पुरतात. बीडच्या ज्या जिल्ह्यात साहेबांच्या पाटीवरचं आडनाव निघालं, त्याच मराठवाड्यात हेही रोज घडतं.

तामिळनाडूकडे पाहिलं की हा मुद्दा पक्का होतो. तिथे आडनाव टाकण्याचं काम आपल्यापेक्षा फार आधी आणि फार मनापासून झालं. १९२९ साली चेंगलपट्टूला स्वाभिमान चळवळीची परिषद भरली, जातीची बिरुदं नावातून काढायचं ठरलं, पेरियारांनी स्वतः नायकर गाळलं. आज तिथल्या बहुतेकांच्या नावाला जातवाचक आडनाव नाही, पुढे वडिलांच्या नावाचं आद्याक्षर तेवढं. जगात आडनावाचा रकाना रिकामा ठेवण्याची किंमतही ते मोजतात. २०२२ च्या नोव्हेंबरात संयुक्त अरब अमिरातीनं पासपोर्टवर एकच नाव असलेल्या पर्यटकांना प्रवेश नाकारायला सुरुवात केली तेव्हा चेन्नईच्या विमानतळावर किती घरांची धांदल उडाली असेल. मोठं काम होतं ते, आणि मला त्याचा आदर आहे. पण जात गेली का? तिथल्या शाळांत मुलं मनगटात वेगवेगळ्या रंगांचे धागे बांधून यायची, रंगावरून कोण कुणाचा ते कळायचं. २०२३ साली नांगुनेरीत एका दलित विद्यार्थ्यावर आणि त्याला वाचवायला आलेल्या बहिणीवर शाळेतल्याच मुलांनी कोयत्यांनी वार केले. त्यानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती चंद्रू यांच्या समितीला २०२४ साली मनगटातले धागे, अंगठ्या, कपाळावरच्या खुणा बंद करा असं लिहून द्यावं लागलं. आडनाव नाही, तर धागा. पाटी नाही, तर दुसरं काहीतरी.

म्हणून आडनाव काढायचं की ठेवायचं हा प्रश्न सरकारनं किंवा साहेबानं सोडवायचा नाही. तो ज्याचा त्याचा आहे. इथे मी एक फरक करतो. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळानं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला, महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा ही नावं जाऊन समतानगर, क्रांतीनगर यायची. तो निर्णय योग्य होता. वस्तीचं नाव तिथल्या रहिवाशानं घेतलेलं नव्हतं, गावानं त्याच्यावर लादलेलं होतं, आणि टपालाच्या पत्त्यातून ते रोज त्याच्या तोंडावर फेकलं जाई. माणसाच्या आडनावाचा मालक मात्र माणूस आहे. त्यानं ते कपाळावर मिरवावं, कपाटात ठेवावं किंवा बदलावं.

बदलण्यावरून आपल्याकडे जे टोमणे चालतात ते तर सरळ ढोंग आहे. एखाद्या दलित कुटुंबानं राजपत्रात जाहिरात देऊन गावावरून ‘कर’चं आडनाव घेतलं, की कुजबुज सुरू होते: जात लपवली. दीनानाथांनी मंगेशीवरून मंगेशकर हे आडनाव घेतलं, त्याला कुणी लपवाछपवी म्हणत नाही, त्यात आपल्याला गावाविषयीचं प्रेम दिसतं. कोकणातल्या निम्म्या सवर्ण घरांना ‘कर’ असंच कधीतरी, मधेच, सोयीनं लागलं. सिधयांचे देशमुख झाले तेव्हा कुणी पुरावा मागितला नाही. मग याच एका कुटुंबाच्या वेळी मूळ आडनावाची एवढी कळकळ कशाला?

बायकांच्या बाबतीत तर आपण मूळबिळ सगळं क्षणात विसरतो. लग्नानंतर नवऱ्याचं आडनाव लावलंच पाहिजे असं कोणताही कायदा म्हणत नाही, तरी बँकेतला माणूस लग्नाचा दाखला आणि बदललेलं नाव यांच्याशिवाय जोडखातं काढायला कुरकुरतो. काल-परवापर्यंत ताटात तांदूळ पसरून अंगठीनं तिचं पहिलं नावही नवं लिहिलं जाई आणि पाहुणे हौसेनं विचारत, "काय ठेवलं?" घराण्याच्या नावाचा अभिमान सांगणाऱ्या समाजात अर्ध्या माणसांची नावं एका दुपारीत बदलत आली आहेत, आणि त्यात संस्कृती बुडाल्याचं कुणी ऐकलं नाही.

११ मार्च २०२४ ला राज्य सरकारनं एक चांगलं पाऊल टाकलं. १ मे २०२४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या नावात आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव, असा क्रम शाळेच्या दाखल्यापासून सगळीकडे सक्तीचा झाला. आई कागदावर आली, हे फार उशिरा झालं, पण झालं. मात्र त्याच निर्णयात विवाहित स्त्रीच्या स्वतःच्या नावाची पद्धत जुनीच राहिली, तिचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. फक्त मालमत्तेच्या कागदांवर माहेरचं नाव लावायची मुभा तेवढी मिळाली. आणि शेवटचा रकाना, आडनावाचा, होता तसाच राहिला.

माझी मागणी त्या शेवटच्या रकान्याबद्दल आहे. तो ऐच्छिक करावा. ज्याला पाटील लिहायचं त्यानं लिहावं, ज्याला गावाचं लिहायचं त्यानं गावाचं, ज्याला आईचंच पुरेसं वाटतं त्यानं तिथे थांबावं, आणि अर्ज घेणाऱ्या कारकुनाला "आडनाव राहिलं हो" म्हणून तो परत करता येऊ नये. शासन निर्णयात एवढी एक ओळ घातली तरी भागेल. २०२४ च्या मेनंतर जन्मलेली मुलं २०३० च्या आसपास पहिलीत बसतील, तेवढ्या वेळात अर्जांचे नमुने बदलता येतात. आणि बीडच्या पोलिसांना आपापल्या पाट्या परत द्याव्यात. चौकीत आलेल्याची तक्रार लिहून घेतली की नाही, कोणत्या कलमाखाली, किती तासांत, आणि घेतली नसेल तर का, हे दर महिन्याला ठाणेवार जाहीर करावं. लोकांचा विश्वास कशावर बसतो ते त्यातून कळेल. साहेबांचं आडनाव मुंडे आहे की देशमुख, हे मग फारसं कुणी वाचणार नाही.